दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचा अंकुर

बीजांकुरणाचा धडा शिकवताना फळ्यावर चार आकृत्या काढाव्या लागतात: भिजलेले बी, फुटलेले मूळ, वर आलेला कोंब आणि दोन पानांचे रोपटे. परंतु एका अवस्थेतून दुसरी कशी झाली, हे फळा दाखवू शकत नाही. कुंडीपुढे दिवसभर बसले तरी ही वाढ डोळ्यांस दिसत नाही. ती पडद्यावर दाखवण्याचा ध्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने घेतला. ते म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. त्यांच्या घडणीचा महत्त्वाचा काळ आपल्या बडोद्यात गेला, म्हणून त्यांचे चरित्र आम्हांस विशेष जवळचे वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी शास्त्री होते. १८८५ मध्ये धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे थोरल्या बंधूंकडे बडोद्यास आले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू झाले. त्याचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर होते. या कलाभवनात फाळक्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचेही धडे घेतले. रंग जाणणारा हात आणि रसायने जाणणारी बुद्धी यांचा मेळ त्यांच्या ठायी येथेच जमला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याचाच एक भाग बनले.

पुढील वाट मात्र खडतर होती. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण प्लेगच्या साथीने पहिली पत्नी आणि मूल यांना ओढून नेले. नंतर पुराणवस्तू खात्यात नोकरी झाली. छापखाना काढला, तोही भागीदारांशी मतभेद होऊन सोडावा लागला. १९११ मध्ये मुंबईस ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनाने नवी उचल घेतली. आपल्याकडील कथा अशाच पडद्यावर आणाव्यात, या एकाच विचाराने त्यांची झोप उडाली. अखंड वाचन आणि प्रयोग यांच्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत मिळताच त्यांनी विम्याची कागदपत्रे गहाण ठेवली आणि १९१२ मध्ये लंडन गाठून चित्रपटाची यंत्रसामग्री आणली.

भांडवल देणाऱ्यांना या नव्या विद्येची खात्री कशी पटवावी? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा तिच्यासमोर रोखून ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक छबी टिपली. छब्या सलग फिरवताच बी फुगले, कोंब वर आला आणि वेल चढू लागली! कित्येक दिवसांची वाढ क्षणांत डोळ्यांपुढून सरकली. ‘अंकुराची वाढ’ हे या लघुपटाचे नाव. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी साहाय्याचा हात पुढे केला.

यातील कष्टांचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. मूकपटाच्या काळी सेकंदास सुमारे १६ छब्या पडद्यावरून सरकत; म्हणजे एका मिनिटास ९६० छब्या लागत. कुंडी जरा हलली किंवा उजेड बदलला, तरी खेळ बिघडणार. अशा कामी बुद्धीइतकाच धीर हवा.

पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी घरकाम सांभाळून फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे केली. कीर्ती लाभली, तरी शिकवण्याची हौस सुटली नाही. ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्या किंचित सरकवत, दर वेळी छबी घेत, निर्जीव वस्तूंना चालते केले. १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा लघुपटही त्यांनी काढला. आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही.

उत्तरायुष्यात बोलपट आले, भांडवल आटले आणि फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. तो सन्मान पाहण्यास ते नव्हते.

आज विद्यापीठांच्या वर्गांत हृदयाची स्पंदने, यंत्राचे दट्टे, पेशींचे विभाजन हे सारे हलत्या चित्रांनी शिकवले जाते. ही चित्रे संगणकावर तयार होतात, पण त्यांमागील सूत्र तेच आहे: जे डोळ्यांस दिसत नाही, ते लहान लहान पायऱ्यांत मांडावे आणि सलग दाखवावे. विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत एका कुंडीत चार वाटाणे जरूर पेरा. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी एक छबी घ्या. एकही दिवस न चुकता हे साधले, तर कलाभवनातील त्या विद्यार्थ्याचा धीर तुमच्याही अंगी रुजला, असे आम्ही समजू.