अंगणात आलेली शाळा

रमजान महिन्यात जकात आणि सदक्याचा हिशेब घरोघर चालू असतो. त्यातल्या एका दानाला वेगळे नाव आहे, सदका-ए-जारिया. देणारा गेल्यावरही ज्याचा उपयोग चालू राहतो ते दान. विहीर, सावलीचे झाड आणि लोकांच्या कामी येणारे इल्म, म्हणजे ज्ञान, ही त्याची नेहमी सांगितली जाणारी उदाहरणे. आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलखात अशी एक विहीर ताराबाई मोडकांनी खोदली. त्या प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या. पण पाणी पिणारा खोदणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापक महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. ते मानाचे पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. लहान मुलांना शिकवणे हे त्या काळी पदवीधरांचे काम समजले जात नव्हते. दोघांनी माँटेसोरी पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले.

इथवरचे काम बहुतेक शहरातल्या मुलांसाठी होते. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र जमले होते. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. आईबाप वेठीला आणि पोरे गुरांमागे, अशा मुलखात शाळा चालवायची होती.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी खटपट केली ती दलित वस्तीतली मुले येईनात. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? अंगावर धड कपडा नाही, तर चारचौघांत जायचे कसे? ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून बाई वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणातच वर्ग भरला. हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी झाली. भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळण्यात ठेवून वर्गात बसू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या माळावरच कुरणशाळा भरली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि माती आली. मुलाला ओळखीच्या असलेल्या वस्तूंतूनच मोजणी आणि भाषा सुरू झाली.

हा विचार एकट्या कोसबाडचा नाही. आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातल्या सोकोतो इथे नाना अस्माऊ (१७९३–१८६४) नावाच्या विदुषी होऊन गेल्या. घरकाम आणि मुलेबाळे सोडून गावोगावच्या बायकांना शिकायला येता येत नव्हते. म्हणून त्यांनी शिक्षिकांची फळी उभी केली. या बायका खेड्यांत जाऊन हौसासारख्या तिथल्या बोलीत शिकवत. धडे पद्यात बांधलेले असत, कारण तिथले ज्ञान पुस्तकापेक्षा पाठांतरातून फिरत असे. अस्माऊ आणि ताराबाई यांच्यामध्ये जवळजवळ शतकाचे आणि एका समुद्राचे अंतर आहे. तरी दोघींनी आधी शिकणाऱ्याची जागा पाहिली, त्याची भाषा आणि दिवसाची कामे पाहिली, आणि मग शाळा कुठे व कशी भरवायची ते ठरवले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाड सांभाळले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला तो शब्द आता देशभर बोलला जातो.

शब्द पोहोचला, पण काम संपलेले नाही. उधव्यासारख्या गावांतून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल आईबापांबरोबर जाते, हजेरीपटावरचे नाव तेवढे गावात राहते. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीही परकीच वाटते. यंदाचा रमजान भट्ट्यांच्या याच हंगामात आला आहे. सदका कोणत्याही धर्माच्या गरजवंताला देता येतो, आणि तो पैशांचाच असावा असेही नाही. जवळच्या भट्टीवर आठवड्यातून दोन संध्याकाळी इफ्तारच्या आधी कोणी पाटी-पेन्सिल घेऊन बसले, तर ताराबाईंच्या विहिरीचे पाणी तिथवर पोहोचेल.