समजून घ्या : कान्होजी आंग्रे खरंच समुद्री चाचे होते का?

परवाना नसलेलं जहाज अडवायचं, माल जप्त करायचा. ही चाचेगिरी की राज्याचा अंमल? कान्होजी आंग्रेंबद्दलचा हा वाद ३०० वर्षं जुना आहे.

कोण होते कान्होजी?
सुवर्णदुर्गावर नाव कमावलेले कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या बाजूला आले. सरखेलपद कायम राहिलं.

वाद कशाचा?
कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा. नसेल तर जप्ती. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देऊन हेच आधीपासून करत होते. तरी इंग्रजांच्या लेखी चाचे ठरले कान्होजी! १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर, तर १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला. दोन्ही फसले. १७२९ मध्ये कान्होजींचं निधन झालं.

आजचा कायदा काय सांगतो?
संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम १०१ पाहा. खासगी जहाजावरच्या लोकांनी खासगी हेतूने, खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर केलेली बेकायदा हिंसा किंवा लूट म्हणजे चाचेगिरी. हा करार तेव्हाच्या घटनांना लागू होत नाही. पण कसोटी हीच लावली, तर छत्रपतींचा सरखेल त्यात बसत नाही. परवान्याची सक्ती योग्य होती का, हा वाद वेगळा.

मुंबईतल्या नौदल तळाचं नाव आज ‘आयएनएस आंग्रे’ आहे.