कोमरम भीम

आसिफाबादेहून केरामेरीचा घाट चढू लागले म्हणजे सागाच्या रानात मधूनमधून ज्वारीची व कापसाची शेते दृष्टीस पडतात. वाटसरूस त्यांत विशेष असे काही वाटत नाही. परंतु या डोंगरात नांगर धरण्याचा गोंडांचा हक्क सरकारदप्तरी नोंदला जाण्यापूर्वी एका गोंड शेतकऱ्यास त्यासाठी प्राण वेचावे लागले.

कोमरम भीमाचा जन्म १९०१ च्या सुमारास आसिफाबादजवळील संकेपल्ली या खेड्यात झाला. हा सारा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. गोंड लोक डोंगरउतारावरील हलकी जमीन काही वर्षे कसून नंतर ती पडीक टाकीत. हा आळस नव्हे. अशा मातीस विसावा लागतो, हे कोणीही जाणता कुणबी सांगेल. दप्तराच्या लेखी मात्र पडीक जमीन म्हणजे बेवारस जमीन! सरकारने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, तेव्हा अशी कित्येक शेते हद्दीच्या आत गेली. जी बाहेर राहिली, ती लिहिता-वाचता येणाऱ्या परक्या लोकांनी आपापल्या नावावर करून घेतली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा झाल्यावर तर अशा लोकांचा ओघ अधिकच वाढला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा गोंड आपल्याच शेतात कूळ होऊन बसला.

भीमाचे पितृछत्र लवकरच हरपले. जंगलखात्याच्या लोकांशी झालेल्या तंट्यात त्याचा पिता मारला गेला, असे सांगतात. पुढे हे कुटुंब सुर्दापूर येथे गेले. तेथेही हाताशी आलेल्या पिकावर दुसऱ्याने हक्क सांगितला. त्या झटापटीत भीमाच्या हातून एक मनुष्य ठार झाला व त्यास परागंदा व्हावे लागले.

चांद्याकडे एका छापखानेवाल्याच्या आश्रयास तो राहिला आणि तेथेच अक्षरओळख झाली, अशी कथा त्या भागात सर्वतोमुखी आहे. तेथून तो आसामच्या चहाच्या मळ्यांत मजुरीस गेला. त्याच्या चरित्रातील युद्धप्रसंगच लोक आवडीने सांगतात; मला मात्र हा छापखान्यातील काळ अधिक मोलाचा वाटतो. ज्या कागदाने आपली जमीन नेली, तो कागद वाचावयास भीम येथे शिकला. परत आल्यावर काकनघाटच्या लच्छू पटेलाच्या पदरी राहून त्याने त्याच्या जमिनीच्या दाव्यात साहाय्य केले, ते या विद्येच्याच बळावर.

पुढे जोडेघाट, पाटनापूर, बाबेझरी आदी बारा गावांच्या परिसरात गोंड व कोलाम कुटुंबांनी रान साफ करून शेती मांडली. जंगलखात्याने ती बेकायदा ठरविली व झोपड्या जाळल्या. तेव्हा भीमाने या गावांस एकत्र केले. पाणी, रान आणि जमीन ही तेथे राहणाऱ्यांची असावीत, एवढीच त्याची मागणी. जल, जंगल, जमीन ही घोषणा आजही त्याच्या नावाशी जोडली जाते. गाऱ्हाणे सांगावयास तो हैदराबादेपर्यंत गेला. परंतु निजामाची भेट काही मिळाली नाही. अखेर गोंडांनी शस्त्रे हाती घेतली. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात भीम व त्याचे अनेक सोबती कामास आले. आश्विन पौर्णिमेस गोंड लोक जोडेघाटी जमून त्याचे स्मरण करतात.

गोळीबाराने डोंगर शांत झाला, पण प्रश्न सुटला नाही, हे राज्यकर्त्यांच्याही ध्यानी आले. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मारलवाई या गोंड खेड्यात राहून येथील स्थिती सरकारपुढे मांडली. १९४० नंतरच्या दशकात जिल्ह्यातील अकरा हजारांहून अधिक आदिवासी शेतकऱ्यांना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे मिळाले. पुढे यांतील बरीच जमीन पुन्हा परक्यांच्या हाती गेली, ही गोष्ट वेगळी.

मारलवाई येथेच १९४३ मध्ये गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंड मुलांसाठी तेव्हा जी पहिली पुस्तके तयार झाली, त्यांची भाषा गोंडी होती आणि लिपी आपली देवनागरी. २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा आसिफाबाद, जोडेघाट व मारलवाई ज्यात आली, त्या नव्या जिल्ह्यास कोमरम भीमाचे नाव देण्यात आले.