‘हंटरवाली’ नादिया : न गाताही पडदा जिंकणारी नायिका

एखाद्या करारी, धाक असलेल्या बाईला मराठीत आजही सहजपणे ‘हंटरवाली’ म्हटले जाते. या शब्दामागचा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला नसतो आणि त्यातली नायिका ऑस्ट्रेलियात जन्मलेली होती, हेही अनेकांना ठाऊक नसते. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची आणि हिंदी बोलताना अडखळणारी ही स्त्री पारतंत्र्याच्या काळात भारतातील कामगार, हमाल आणि शाळकरी पोरांची लाडकी कशी झाली, हा भारतीय चित्रपटसृष्टीच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे.

नादिया यांचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. त्यांचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात झाला. वडील हर्बर्ट इव्हान्स हे स्कॉटिश, ब्रिटिश सैन्यात दाखल झालेले. आई मार्गारेट ग्रीक वंशाच्या. वडिलांच्या पलटणीबरोबर हे कुटुंब १९१३ मध्ये मुंबईत आले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ मध्ये वडील रणांगणावर कामी आले. सात वर्षांची मेरी पितृछत्राला मुकली. पुढे मायलेकी पेशावरला गेल्या. सरहद्दीवरील त्या मुलुखात घोडेस्वारी, नेमबाजी, शिकार आणि मासेमारी हे मेरीच्या रोजच्या जगण्याचे भाग झाले. वयात येणाऱ्या मुलीला त्या काळी जे शिकवले जात नसे, नेमके तेच त्या शिकल्या आणि पुढे त्याच शिदोरीवर त्यांचे आयुष्य उभे राहिले.

१९२८ मध्ये त्या मुंबईत परतल्या. सोबत आई होती आणि लहानगा मुलगाही. पोटासाठी त्यांनी ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ या दुकानात विक्रेतीची नोकरी धरली. लघुलेखन व टंकलेखन शिकून कचेरीत जागा मिळवण्याचाही विचार केला. पण मन रमले ते मादाम आस्त्रोवा यांच्या बॅले नृत्यवर्गात. आस्त्रोवा यांच्या पथकाबरोबर त्यांनी लष्करी छावण्या, संस्थानिकांचे दरबार आणि लहानमोठी गावे पालथी घातली. १९३० च्या सुमारास झारको सर्कशीतही त्यांनी काम केले. या भटकंतीतच एका आर्मेनियन ज्योतिषिणीने त्यांना ‘न’ अक्षरापासून सुरू होणारे नाव घेण्याचा सल्ला दिला आणि मेरी इव्हान्स ‘नादिया’ झाल्या.

लाहोरच्या रीगल चित्रपटगृहाचे व्यवस्थापक एरच कांगा यांनी त्यांची गाठ जे. बी. एच. वाडिया यांच्याशी घालून दिली. वाडिया घराणे मूळचे सुरतचे. आज ज्या सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे वसली आहेत, त्याच शहरातून या घराण्याचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये जहाजबांधणीसाठी मुंबईला आले होते. जहाजे बांधणाऱ्या या घराण्यातील जमशेद आणि होमी या भावांनी मात्र चित्रपटाचा धंदा निवडला. त्यांनी १९३३ मध्ये ‘वाडिया मूव्हीटोन’ स्थापन केली. परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वास्तूत त्यांचा स्टुडिओ थाटला गेला. पुढे तीच जागा व्ही. शांताराम यांनी घेतली आणि तेथे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले.

नवख्या अभिनेत्रीचे नाव ‘नंदादेवी’ ठेवावे, असे थोरल्या वाडियांनी सुचवले होते. आपण देवी नाही आणि नादिया हे नाव वाडिया या नावाशी छान जुळते, असे सांगून त्यांनी ते नाकारले. ‘देश दीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’ या चित्रपटांतील छोट्या भूमिकांतून त्यांची चाचपणी झाली. प्रेक्षकांना ही गोरी मुलगी आवडते, हे दिसताच वाडिया बंधूंनी मोठे धाडस केले.

बोलपटाची ती पहिली वर्षे होती. नायिकेला गाता गळा हवा, अशी जवळजवळ अटच असे. मराठी प्रेक्षकांसमोर दुर्गा खोटे आणि शांता आपटे यांच्यासारख्या स्वतः गाणाऱ्या नायिका होत्या. नादियांचे बळ आवाजात नव्हते, उच्चारातही नव्हते. त्यांच्याकडे होते कसलेले शरीर आणि न डगमगणारे मन. म्हणून त्यांच्यासाठी कथानकच वेगळे रचले गेले. १९३५ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘हंटरवाली’त दुष्ट वजीर राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरी तोंडावर बुरखा चढवून, हातात चाबूक घेऊन गोरगरिबांची कैवारी बनते. होमी वाडिया दिग्दर्शक होते. खर्च झाला सुमारे ८० हजार रुपये. चित्रपट विकत घेण्यास वितरक कचरत होते; पण प्रदर्शित झाल्यावर तो २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. नादियांच्या नावाचे चाबूक, पट्टे आणि काडेपेट्या बाजारात आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी दिलेली आरोळी चित्रपटगृहातून बाहेर पडलेली पोरे गल्लोगल्ली देऊ लागली.

त्यानंतर ‘मिस फ्राँटियर मेल’ (१९३६), ‘लुटारू ललना’ (१९३८), ‘पंजाब मेल’ (१९३९) आणि ‘डायमंड क्वीन’ (१९४०) असे चित्रपट येत गेले. धावत्या आगगाडीच्या टपावरील मारामारी, धडधाकट पुरुषाला खांद्यावर उचलून घेणे, झुंबरावरून झोके घेणे, सिंहांच्या सान्निध्यातील प्रसंग, हे सारे त्या स्वतः करीत. बदली कलाकार नसे. जॉन कावस यांच्यासारखा पीळदार नट त्यांचा जोडीदार असे. तरी शेवटच्या क्षणी सुटका करणारी व्यक्ती बहुधा नादियाच असत.

हे चित्रपट निव्वळ मारामारीचे होते, असे मानून त्या काळच्या प्रतिष्ठित समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. पण जे. बी. एच. वाडिया उच्चशिक्षित आणि राजकीयदृष्ट्या सजग होते. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. ब्रिटिश सेन्सॉरच्या नजरेखाली स्वराज्याची उघड भाषा शक्य नव्हती. तेव्हा जुलमी वजीर आणि पिडलेली रयत या जुन्या साच्यात ती भरली गेली. ‘डायमंड क्वीन’मध्ये तर साक्षरता आणि स्त्रियांच्या समान हक्कांचा स्पष्ट पुरस्कार आहे. प्रभातच्या ‘अमर ज्योती’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांतील बंडखोर स्त्रियांचे मराठी समाजाने कौतुक केले, आणि ते योग्यच होते. त्याच वर्षांत स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांसमोर नादियाही तीच गोष्ट चाबकाच्या भाषेत सांगत होत्या. जुलमाविरुद्ध उभी राहणारी ही वीरांगना राज्यकर्त्यांच्याच गोऱ्या वर्णाची होती, हा विरोधाभास प्रेक्षकांना खुपला नाही. त्यांनी तिला आपली मानले.

१९४२ मध्ये वाडिया बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली आणि नादिया त्यांच्यासोबत गेल्या. ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) चालला. पण त्याच वर्षीच्या ‘मौज’मध्ये त्यांना भावनाप्रधान भूमिका दिली गेली, ती प्रेक्षकांनी स्वीकारली नाही. अश्रू ढाळणारी नादिया त्यांना नको होती.

पडद्यामागे मात्र त्यांच्या वाट्याला दीर्घ प्रतीक्षा आली. त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेले होमी आणि त्या यांच्यात प्रेम जुळले होते. पण वाडियांच्या आईला पारशी घरात परजातीची, सिनेमात काम करणारी सून मान्य नव्हती. थोरल्या भावाचा या नात्याला पाठिंबा होता. तरी आईच्या हयातीत होमींनी लग्न केले नाही. नादियांनीही संबंध तोडला नाही की तमाशा केला नाही. आईच्या निधनानंतर, १९६१ मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा नादिया ५३ वर्षांच्या होत्या. चाबकाच्या एका फटक्यात अन्याय मिटवणाऱ्या नायिकेला स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडण्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. त्यांच्या चित्रपटांवर टाळ्या वाजवणाऱ्या समाजाची मर्यादाही यातून दिसते.

विवाहानंतर त्या चित्रपटांपासून दूर झाल्या. १९६८ मध्ये ‘खिलाडी’त साठाव्या वर्षी त्या पुन्हा एकदा झळकल्या, ते अखेरचे. मग विस्मरणाचा काळ आला. १९९३ मध्ये वाडिया कुटुंबातीलच रियाद विंची वाडिया यांनी ‘फियरलेस : द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला. देशोदेशीच्या महोत्सवांत तो गाजला आणि अभ्यासकांचे लक्ष नादियांकडे वळले. सुदैवाने हा गौरव त्यांना जिवंतपणी पाहता आला. ८८ वा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी, मुंबईत त्यांनी जगाचा निरोप घेतला.

विशाल भारद्वाज यांच्या ‘रंगून’ (२०१७) मधील नायिकेवर त्यांची छाया दिसली. २०१८ मध्ये ११० व्या जयंतीदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले. आज हिंदी चित्रपटांतील नायिका मारामारीचे प्रसंग करते, तेव्हा त्याचा नवलाईने उल्लेख होतो. त्या वाटेवर ८० हजारांच्या चित्रपटातून, कुठलीही हमी नसताना, पहिले पाऊल टाकले ते परळच्या स्टुडिओत घाम गाळणाऱ्या या पर्थच्या मुलीने. तिला ना भाषेचा आधार होता, ना आपल्या माणसांचा. जे हाती होते, ते घोड्यावरची मांड आणि निर्भय मन. त्या बळावर तिने मराठीसह अनेक भारतीय भाषांना एक शब्द दिला, आणि तो अजून वापरात आहे.