ड्रॉवरमधलं घुबड

लॅबचं जर्नल आम्ही कसं लिहितो, हे हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाची तरी रीडिंग्ज छापायची आणि मोकळं व्हायचं. (सरांनी हे वाक्य कृपया वाचू नये!) म्हणूनच मला हुमायून अब्दुलालींबद्दल लिहावंसं वाटलं.

त्यांचा जन्म १९१४ चा, जपानमधल्या कोबे शहरातला. शिक्षण मुंबईत, सेंट झेवियर्समध्ये. सालिम अली त्यांचे नातेवाईक. व्यवसाय सांभाळून त्यांनी आयुष्यभर पक्षी पाहिले आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. वेंगुर्ला तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथे भर समुद्रातल्या खडकांवर गुहेत राहणाऱ्या पाकोळ्यांवर त्यांनी १९४० च्या सुमारास लेख लिहिले. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याचा मसुदाही मुख्यतः त्यांचाच.

मार्च १९६६ मध्ये ते ग्रेट निकोबारला होते. भारताचं दक्षिण टोक या बेटावर आहे, कन्याकुमारीला नाही! सुमारे नऊशे चौरस किलोमीटर जंगल आणि वस्ती शोंपेन व निकोबारी लोकांची, तीही विरळ. महाराष्ट्रासह इतर राज्यांतले माजी सैनिक तिथे राहायला गेले ते १९६९ पासून. कॅम्पबेल बेला अब्दुलालींना एक छोटं घुबड मिळालं. माहितीतलंच समजून त्यांनी ते लेबल लावून बीएनएचएसच्या संग्रहात ठेवलं. १९९८ मध्ये पामेला रासमुसेन यांनी ते तपासलं, तर चक्क नवी जात निघाली! अब्दुलाली तेव्हा ८४ वर्षांचे होते. २००१ मध्ये ते गेले.

त्यांचं नाव देणं चुकलं, पण नोंद चुकली नाही. जागा आणि तारीख लेबलवर होती, म्हणून ३२ वर्षांनीही चूक सुधारता आली.

ग्रेट निकोबार १९८९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र झालं, १९९२ मध्ये दोन राष्ट्रीय उद्यानं झाली. पण २०२१ मध्ये गलाथिया खाडीच्या अभयारण्याचा दर्जा काढला गेला आणि २०२२ मध्ये बंदर, विमानतळ, टाउनशिपला पर्यावरण मंजुरी मिळाली. मित्रांनो, असं काम करणारे आपल्यासारखेच इंजिनिअर असतात. तिथे आधी काय होतं, हे पुढच्यांना फक्त नोंदींवरूनच कळणार.

या सेमला मी रीडिंग्ज स्वतः घेतली. ग्राफ वाकडा आला. तसाच जर्नलमध्ये लावलाय.