वीरांगना चांदबिबी

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या नगरभूमीतील एखाद्या वीरस्त्रीचे चरित्र असावे, अशी अनेक ज्ञातिभगिनींची इच्छा होती. तेव्हा चांदबिबीवाचून दुसरे नाव आम्हांस सुचले नाही.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची कन्या. नगरच्या भुईकोट किल्ल्याला दगडी तट घातला तो याच हुसेनने. ज्या तटासाठी पुढे कन्येला तलवार उपसावी लागली, तो असा पित्याचाच होता. सोलापूरचा किल्ला आंदण देऊन तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला. इ. स. 1580 मध्ये पतीचा वध झाला आणि बाल इब्राहिमच्या नावे राज्य सांभाळण्याचा भार तिच्यावर आला. तेथील कारस्थानी सरदाराने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकले. पुढे ती माहेरी परतली.

माहेरी तरी काय होते? गादीवर कोणी बसावे यावरून दक्षिणी आणि हबशी सरदारांत लाथाळी माजली होती. त्यांपैकी एका पक्षाने तर मोगलांनाच साहाय्यास बोलाविले! डिसेंबर 1595 मध्ये शाहजादा मुराद वेढा घालून बसला. चांदबिबीने बालक बहादूरचा पक्ष धरून किल्ला लढविण्याचा निर्धार केला.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खोदले. किल्लेकऱ्यांना त्यांचा सुगावा लागून काही निकामी करता आले. परंतु फेब्रुवारी 1596 मध्ये एक उडालाच आणि तटास मोठे खिंडार पडले. लढवय्ये कचरले. त्या क्षणी मुखावर बुरखा, अंगात चिलखत आणि हाती नंगी तलवार अशी चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली. अंधार पडेपर्यंत शत्रूला आत शिरता आले नाही. गोळे संपले तेव्हा तिने तोफांतून सोन्यारुप्याची नाणी डागली, अशी आख्यायिका आहे. आम्हांस मात्र त्याहून थोर वाटते ते त्या रात्रीचे गवंडीकाम. स्वतः उभी राहून तिने पहाटेपर्यंत भिंत पुन्हा पुरुषभर उंच चढविली. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. वऱ्हाड गेले, परंतु नगर राहिले.

चार वर्षांनी शाहजादा दानियाल चालून आला. आता निभाव लागणे नाही, हे ओळखून तिने बालराजाच्या जीविताची हमी घेऊन किल्ला सोडण्याचा विचार मांडला. बाई फितूर झाली, अशी हाकाटी हमीदखानाने केली आणि चवताळलेल्या जमावाने 1600 च्या जुलैत तिचा महालातच वध केला. पुढच्याच महिन्यात किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

शाह डोंगरावरील ज्या तिमजली वास्तूस आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, जेथे आपल्यापैकी कितीकांनी सहलीचे डबे सोडले असतील, ती वस्तुतः सलाबतखान वजिराची कबर होय. मुलाबाळांना चांदबिबी दाखवावयाची असेल, तर भिंगारच्या वाटेवरील तो तट दाखवावा.