रमाबाई रानडे : परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देणारी माउली

येत्या १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. त्यांचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्याच महाराष्ट्रात परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी व्हावी म्हणून जिने आपले वैधव्यातील आयुष्य वेचले, त्या रमाबाई रानडे यांची आठवण या दिवशी क्वचितच निघते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून त्या आपल्याला माहीत आहेत. २०१२ मध्ये दूरदर्शन संचावर लागलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचे बालपणही घरोघरी पोहोचले. त्यांच्या उत्तरायुष्याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. ते आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. पण स्वतःची पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. मुलीला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतले आणि तिथूनच घरातील संघर्ष सुरू झाला. दिवसा वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे आणि रात्री पतीजवळ धडा, असा तिचा क्रम होता. पुढे मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई इंग्रजी शिकवू लागल्या. परधर्मीय बाईंना शिवले म्हणून धडा संपल्यावर रमाबाईंना अंघोळ करावी लागे.

शिवाशिवीचा हा धाक त्या काळी किती मोठा होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यांत रानडे होते, टिळकही होते. त्या चहापानावरून पुण्यात मोठे वादळ उठले आणि पुढे प्रायश्चित्त घेण्यापर्यंत पाळी आली. एका पेल्याने जिथे धर्म बुडत होता, तिथे परक्या माणसाची जखम धुणे, त्याची घाण काढणे, त्याच्या उशाशी रात्रभर बसणे हे घरंदाज समजल्या जाणाऱ्या घरांतील स्त्रीने कसे करावे? म्हणूनच मुंबई इलाख्यातील रुग्णालयांत त्या काळी परिचारिका बहुतेक ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन असत. युरोपात धर्मभगिनींनी रुग्णालये चालविली आणि सिस्टर हा शब्द तिथून आपल्या वॉर्डांपर्यंत आला. शब्द आला, पण त्याचा मान सोबत आला नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. पहिले वर्षभर रमाबाई फारशा घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या, रुग्णालयात फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. आजाऱ्यांच्या खाटांजवळ उभे राहिल्यावर, आपल्या समाजातील शिकलेले हात इथे का नाहीत, हा प्रश्न त्यांना पडल्यावाचून राहिला नसेल.

१९०८ मध्ये दोन गृहस्थ त्यांच्याकडे आले. एक पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दुसरे सिंधमधील दयाराम गिदुमल. स्त्रियांसाठी आश्रयस्थान असावे आणि तिथे भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे, अशी त्यांची कल्पना होती. गिदुमल यांनी मलबारींचे जे चरित्र लिहिले, त्याला प्रस्तावना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची होती. नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत; पण येथील आरोग्याविषयी त्यांनी अनेक वर्षे लिहिले आणि पत्रव्यवहार केला. तो धागा असा रमाबाईंच्या दारापर्यंत आला होता. मुंबईत सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढल्या वर्षी, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यातही सेवासदन उभे राहिले. त्याचे वर्ग प्रथम रानड्यांच्या वाड्यातच भरत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९०७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजात अॅडलेड नटिंग या परिचर्येच्या प्राध्यापिका झाल्या. जगातील त्या पहिल्या. म्हणजे तिकडे परिचारिका विद्यापीठाच्या खुर्चीवर बसत होती, त्याच सुमारास इकडे रमाबाई घरोघर पहिली विद्यार्थिनी शोधत होत्या. सुशिक्षित घरांतील लोकही मुलीला किंवा विधवा सुनेला या कामाला पाठवायला तयार नव्हते. अखेर ज्यांना घरात कोणी विचारीत नव्हते, अशा तरुण विधवा पुढे आल्या. पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय झाली आणि त्यांच्यासाठी सेवासदनाने वसतिगृह चालविले.

पुण्याच्या सेवासदनाच्या सुरुवातीच्या एका वार्षिक समारंभात पहिली विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी मंचावर आली. तेव्हा गॅलरीत बसलेले विद्यार्थी हसले, त्यांनी हुर्यो केली. हे अडाणी लोक नव्हते, कॉलेजात शिकणारे तरुण होते. रमाबाई शांत स्वभावाच्या म्हणून प्रसिद्ध. पण त्या दिवशी समारोपाला उठल्या तेव्हा त्यांचा संताप आवरला नाही. दुःखी बहिणीला हसणाऱ्याला शिकलेला कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांना विचारले. तुमच्याही घरी एखादी बहीण, एखादी आई याच स्थितीत असेल, याची त्यांना जाणीव करून दिली. सभा चूप झाली. सेवासदनाच्या विद्यार्थिनींना उघडपणे हसण्याचे धाडस त्यानंतर कोणाला झाले नाही, असे सांगतात.

शेवटच्या वर्षांतही त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीच्या यात्रेत वारकरी स्त्रियांच्या सेवेला जात. आपल्या जिल्ह्यात नरसी नामदेवची यात्रा भरते, त्यामुळे अशा गर्दीत आजारी पडलेल्या बाईचे काय हाल होतात ते आपल्याला सांगायला नको. १९२४ मध्ये रमाबाई वारल्या. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे टपाल तिकीट निघाले.

त्यांच्यानंतर वाट हळूहळू रुंद झाली. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९५९ मध्ये दिल्लीला पदव्युत्तर शिक्षण आले. १९६४ मध्ये मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय स्थापन झाले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि परिचर्येचे शिक्षणही त्याच्या कक्षेत आले. आज एखादी परिचारिका बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून व्याख्याता, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, प्राचार्य अशा पायऱ्या चढू शकते, पीएच.डी. करू शकते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलली म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, हा संशोधनाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असणारी व्यक्तीच नीट शोधू शकते. नाइटिंगेल यांनीही क्रिमियाच्या युद्धानंतर मृत्यूंचे आकडे मांडून दाखवून दिले होते की, सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक दगावले.

आता आपल्याकडे पाहू. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या धर्मग्रामातील मुली नर्सिंगला जातात, त्यांच्या पगारावर भावंडांची शिक्षणे होतात, घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडतो. पण लग्नाची बोलणी निघाली की रात्रपाळीचा विषय हळू आवाजात काढला जातो. आणि नोकरी लागली की शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो. एखादीने पुढे शिकायचे म्हटले तर आता आणखी काय शिकायचे राहिले, असे तिला विचारले जाते. गॅलरीतले ते हसू अजून पूर्ण थांबलेले नाही, एवढेच आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो. फक्त ते आता घराच्या आत आले आहे.

जी.एन.एम. झालेल्या मुलीला दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते आणि त्यानंतर एम.एस्सी.चा दरवाजा उघडतो. नोकरी सांभाळून हे सोपे नाही. दोन वर्षे घरात पैसा कमी येतो, लहान मूल असेल तर कोणीतरी सांभाळावे लागते. हा भार तिने एकटीने उचलावा, की सासू, नवरा आणि भाऊ यांनी मिळून, याचा निर्णय कोणतेही विद्यापीठ घेत नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात होतो. रमाबाईंनी निरक्षर मुलगी म्हणून ज्या घरात पाऊल ठेवले, तिथे शिकवायला निदान एक माणूस तयार होता. आपल्या प्रत्येक घरात असा निदान एक माणूस असावा. या १२ मे रोजी आपल्या ओळखीच्या सिस्टरला शुभेच्छा देताना तिला पुढे शिकायचे आहे का, हेही अवश्य विचारा. आणि ती हो म्हणाली, तर आपण काय करू शकतो याचा विचार त्याच दिवशी सुरू करा.